ओले धान्य आणि ५.५१ सेकंद

ज्या गोष्टीत कोणाची जमीन जात नाही, कोणाची भाकर हिरावली जात नाही, कोणाच्या जिवाला धोका नाही, अशा गोष्टीतले खोटे किती मोठे मानायचे? नीतीची चर्चा करणारी पुस्तके या प्रश्नाला फारशी जागा देत नाहीत. त्यांची उदाहरणे वजनदार असतात. खून, फितुरी, अमानतीत खयानत. पण माणसाचे रोजचे खोटे बहुधा हलक्या गोष्टींतले असते. म्हणून मला हलक्यातले हलके उदाहरण घ्यावेसे वाटते. ते अमेरिकेतले आहे, चार दशकांपूर्वीच्या एका व्हिडिओ गेमचे आहे आणि त्यातला सगळा वाद सहा शतांश सेकंदांचा आहे.

१९८० साली अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी ‘ड्रॅगस्टर’ नावाचा खेळ काढला. तो रचला डेव्हिड क्रेन याने. पडद्यावरची गाडी गिअर बदलत, इंजिन फुटू न देता शर्यतीच्या शेवटापर्यंत न्यायची, एवढाच तो खेळ. नीट खेळले तर पाच-सहा सेकंदांत संपतो. सहा सेकंदांच्या आत गाडी नेणाऱ्याने टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा आणि कंपनीने त्याला एक कापडी बिल्ला द्यायचा, अशी पद्धत होती. १९८२ साली टॉड रॉजर्स नावाच्या तरुणाने ५.५१ सेकंद अशी वेळ कळवली. कंपनीने ती मानली. पुढे ‘ट्विन गॅलॅक्सीज’ने तिची नोंद केली. आयोवा राज्यातल्या ऑटम्वा या गावी वॉल्टर डे याने १९८१ मध्ये याच नावाचे खेळांचे दुकान काढले होते आणि १९८२ पासून तो देशभरातल्या उच्चांकांची वही ठेवू लागला होता. पुढे ही वहीच एक मोठी संस्था झाली. गिनीजच्या पुस्तकानेही ५.५१ ला सर्वांत दीर्घकाळ टिकलेला व्हिडिओ गेमचा विक्रम म्हणून जागा दिली. पस्तीस वर्षे तो तसाच उभा होता.

२०१७ साली एरिक कोझिएल नावाच्या खेळाडूने या विक्रमाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. रॉजर्स माणूस कसा आहे, हे त्याने विचारले नाही. त्याने खेळाचा प्रोग्रामच उलगडला. कोणत्या क्षणी कोणते बटण दाबले तर गाडी किती पुढे जाते, याचे गणित मांडले आणि या खेळात शक्य असलेली सर्वांत कमी वेळ काढली. ती आली ५.५७. या खेळातले घड्याळ साधारण तीन शतांश सेकंदांच्या पायऱ्यांनी चालते. म्हणजे ५.५७ च्या खाली ५.५४ आणि त्याच्या खाली ५.५१. रॉजर्सची वेळ शक्यतेच्या दोन पायऱ्या खाली होती. आपण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुरू केली होती, असे रॉजर्सचे म्हणणे. पण त्या गणितात तसे करूनही ५.५१ निघेना. त्याच्या इतर नोंदीही मग उकरल्या गेल्या. ‘वॅबिट’ नावाच्या एका खेळात गुण पाचच्या पटीत मिळतात आणि त्याच्या नावावर गुण होते १,६९८. कोणत्याही मास्तराने गुणपत्रिकेत पाहताक्षणी लाल पेन उचलावे असा हा आकडा, तो वर्षानुवर्षे यादीत बसून होता. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलॅक्सीजने रॉजर्सच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. गिनीजनेही काढल्या. आपण लबाडी केली असे रॉजर्सने मान्य केले नाही.

ही हकीकत मी नववीच्या मुलांना सांगितली तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. “सर, सहा शतांश सेकंदांसाठी?” दुसऱ्याने विचारले, त्याला पैसे किती मिळाले? बिल्ला मिळाला, असे सांगितल्यावर वर्ग आणखी हसला. मग मी फळ्यावर ५.५७, ५.५४, ५.५१ असे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि समजा तुम्ही ५.५७ पर्यंत पोहोचलात, पुढे काय कराल, असे विचारले. उत्तर सरळ आले, आणखी प्रयत्न करू. किती दिवस? यावर कोणी काही बोलले नाही. माझ्या मते नुकसान कोणाचे, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. ५.५७ गाठणारे खेळाडू आज एकाहून अधिक आहेत. ते खेळाच्या टोकाला पोहोचलेले लोक आहेत. त्याच्या पुढे रस्ताच नाही. पण जोवर यादीत ५.५१ होते, तोवर यादीच्या हिशेबाने त्यांच्यात काहीतरी कमी होते. खोटा विक्रम दुसऱ्याच्या खिशातून काही काढत नाही. तो मोजपट्टी वाकडी करतो. मग जो सरळ उभा आहे तो त्या पट्टीवर बुटका दिसतो, आणि वाईट हे की त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या तासाला विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द आम्ही घोकले होते. चाचणी पुन्हा घेतली तर तेच उत्तर येते का, आणि जे मोजायचे तेच ती मोजते का. परीक्षेपुरते ते ठीक होते. पण ड्रॅगस्टरचे प्रकरण वाचताना मला त्यापेक्षा कितीतरी जुनी शिस्त आठवली. हदीसच्या अभ्यासकांनी, मुहद्दिसांनी, एखाद्या कथनाची पारख दोन अंगांनी केली आहे. एक त्याची सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, त्या साखळीतला प्रत्येक रावी कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याची जबान कशी. दुसरे त्याचे मत्न, म्हणजे खुद्द मजकूर. साखळी कितीही पक्की दिसली तरी मजकूर उघड वास्तवाच्या विरुद्ध जात असेल तर जाणकार थबकत. पस्तीस वर्षे ड्रॅगस्टरवरचा वाद फक्त सनदेवर चालला होता. कंपनीने मानले, संस्थेने नोंदले, गिनीजने छापले. प्रत्येकाने आधीच्याचा हवाला दिला. साखळीच्या मुळाशी एक माणूस आणि एक फोटो होता, हे साखळी लांब होत गेली तसे दिसेनासे झाले. कोझिएलने मत्न वाचले, इतकेच.

सनदेवर फार विसंबण्याचा तोटा दोन्ही बाजूंनी होतो. खोटा आत येतो, आणि खराही बाहेर राहतो. याचे उदाहरण ‘डाँकी काँग’ या निन्टेन्डोच्या १९८१ सालच्या खेळाचे आहे आणि ते ड्रॅगस्टरपेक्षा गुंतागुंतीचे आहे.

बिली मिचेल हे त्या वर्तुळातले सर्वांत मोठे नाव. ३ जुलै १९९९ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या ‘फनस्पॉट’ या खेळघरात त्याने पॅक-मॅन या खेळात ३३ लाख ३३ हजार ३६० गुण केले. त्या खेळात याहून जास्त गुण होऊच शकत नाहीत. त्याच्यासमोर उभा राहिला वॉशिंग्टन राज्यातला स्टीव्ह वीबी. विमानाच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर तो शाळेत विज्ञान शिकवू लागला होता आणि घराच्या गॅरेजमध्ये डाँकी काँग खेळत असे. शिक्षक असल्यामुळे माझा कल त्याच्याकडे झुकतो, हे वाचकांनी लक्षात घेऊनच पुढचे वाचावे. या दोघांवर २००७ साली ‘द किंग ऑफ काँग’ हा माहितीपट आला. वीबीने घरी १० लाख ६ हजार ६०० गुण केले आणि त्याची टेप पाठवली. माहितीपटात दिसते त्याप्रमाणे ती टेप संशयात सापडली, कारण त्याच्या यंत्रातला सर्किट बोर्ड ज्या माणसाकडून आला होता, त्याचे आणि या वर्तुळाचे पटत नव्हते. रावी कच्चा ठरला. मग वीबी २००५ साली स्वतः फनस्पॉटला गेला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ९ लाख ८५ हजार ६०० गुण केले. त्याच ठिकाणी मिचेलने पाठवलेली एक टेप लावण्यात आली. तीत १० लाख ४७ हजार २०० गुण होते. मिचेल स्वतः हजर नव्हता. पण त्याचे नाव हजर होते, आणि ते पुरले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये या टेपचे मत्न वाचले गेले. डाँकी काँगच्या मूळ यंत्रावर एक दृश्य संपून दुसरे येते तेव्हा चित्र एका विशिष्ट क्रमाने पडद्यावर उमटते. संगणकावर तेच खेळ चालवणाऱ्या ‘मेम’सारख्या प्रोग्राममध्ये हा क्रम वेगळा पडतो. एक-दोन चौकटींचा, डोळ्याला सहसा न जाणवणारा फरक. मिचेलच्या टेपमधला क्रम मूळ यंत्रासारखा नव्हता. हे महत्त्वाचे अशासाठी की संगणकावर खेळ मध्येच थांबवून, साठवून, बिघडला तर मागे जाऊन पुन्हा खेळता येतो. एप्रिल २०१८ मध्ये ट्विन गॅलॅक्सीजने निर्णय दिला की १० लाख ४७ हजार २०० आणि १० लाख ५० हजार २०० या दोन नोंदींच्या टेप मूळ, न बदललेल्या यंत्रावरच्या नाहीत, आणि मिचेलच्या सगळ्याच नोंदी रद्द केल्या. मिचेलने आरोप नाकारले, २०१९ मध्ये संस्थेवर दावा लावला. २०२० मध्ये गिनीजने त्याचे विक्रम परत दिले. जानेवारी २०२४ मध्ये दावा तडजोडीने मिटला आणि ट्विन गॅलॅक्सीजने त्याच्या नोंदी जुन्या ऐतिहासिक संग्रहात पुन्हा ठेवल्या. तडजोडीने भांडण मिटते. टेपमध्ये काय आहे हा प्रश्न तडजोडीचा नाही, तो आपल्या जागी राहतो.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. संगणकावर खेळणे हा गुन्हा आहे का? मुळीच नाही. संगणकावरच्या खेळाच्या वेगळ्या याद्या आहेत आणि त्यात मानाने नावे लागतात. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, खेळ एकेका चौकटीने पुढे सरकवत, चुकले की मागे जात, शेकडो तास खपून एक निर्दोष खेळी ‘घडवणारे’ लोकही आहेत. तिला साधनांच्या साहाय्याने केलेली खेळी म्हणतात. जे एकाच्या बाबतीत बदनामीचे कारण झाले तेच दुसरा उघडपणे करतो आणि लोक वाहवा करतात. दोघांच्या हातातले साधन एकच आहे. मग पाप नेमके कुठे आहे?

या ठिकाणी मला प्रेषित मुहंमद (स.) यांच्या बाजारातल्या त्या प्रसंगाचा आधार वाटतो, जो आपल्यापैकी बहुतेकांनी मकतबात ऐकलेला असतो. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारल्यावर धान्यवाला म्हणाला, पाऊस पडला. त्यावर प्रेषितांनी त्याला सुचवले की मग हे भिजलेले वर ठेवायचे होते, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. आपण हा प्रसंग सांगताना शेवटचा भाग ठासून सांगतो आणि मधला सोडून देतो. मला मधला जास्त महत्त्वाचा वाटतो. ओले धान्य विकू नकोस, असे तिथे म्हटलेले नाही. धान्यवाल्याने तोंडाने काही खोटेही सांगितलेले नव्हते, पाऊस खराच पडला होता. त्याचा दोष ढीग कसा रचला यात होता. सुके वर, ओले खाली. ढीगच त्याच्या वतीने बोलत होता.

साधनांच्या साहाय्याने खेळणारा ओले धान्य वर ठेवतो. सांगतो की हे मी एका बैठकीत, दोन हातांनी केलेले नाही. घ्यायचे तर असे घ्या. आणि गिऱ्हाईक आनंदाने घेते, कारण त्याला त्यातही सौंदर्य दिसते.

पण ढीग रचणारा नेहमी एकच माणूस असतो असेही नाही. २००३ साली एका जपानी खेळाडूची ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ अकरा मिनिटांत संपवणारी चित्रफीत इंटरनेटवर हातोहात फिरली. मोरिमोतो या नावाने ती ओळखली जाते. माणसाच्या हातून होणार नाहीत अशा कसरती त्यात होत्या. ती साधनांच्या साहाय्याने घडवलेली होती, पण तसे चित्रफितीवर स्पष्ट लिहिलेले नव्हते. लोकांना आधी ते खरे वाटले, आणि कळल्यावर आपण फसवले गेलो असे वाटले. इथे दोष कोणाचा? ज्याने लेबल लावले नाही त्याचा, की ज्यांनी लेबल नसताना पुढे पाठवले त्यांचा? आज व्हॉट्सअ‍ॅपवर रोज असले ढीग एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि प्रत्येक हात थोडे थोडे सुके वर करत जातो. (आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजून दहा-पंधरा खेळ फिरून फिरून येत. पण त्या आकड्यावर कोणाचाच विश्वास नव्हता, त्यामुळे त्याला फसवणूक म्हणावे की नक्षी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

सर्वांत अवघड प्रकार अर्धवट ओल दाखवण्याचा. ‘डायब्लो’ या १९९६ च्या खेळात ‘ग्रूबो’ या नावाच्या खेळाडूची ३ मिनिटे १२ सेकंदांची नोंद २००९ पासून होती, गिनीजमध्येही होती. ती तुकड्यातुकड्यांनी खेळलेली आहे हे उघड होते आणि तशी खेळी चालत असे. अट एवढीच की सगळे तुकडे एकाच खेळाचे हवेत. डायब्लोची तळघरे प्रत्येक नव्या खेळात नव्याने रचली जातात. तपासणाऱ्यांनी खेळ रचू शकेल अशी दोन अब्जांहून अधिक तळघरे संगणकाकरवी चाळली आणि चित्रफितीत दिसतात ती सगळी एका खेळात येऊ शकत नाहीत, असा निष्कर्ष काढला. २०२५ मध्ये ही नोंद काढली गेली. आपली खेळी तुकड्यांची आहे हे आपण कधी लपवले नव्हते, असे खेळाडूचे म्हणणे. ते खरेही आहे. पण थोडी ओल वर दाखवली की गिऱ्हाईक आत हात घालत नाही, हे बाजारात बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. माझ्या दृष्टीने हे सरळ खोट्यापेक्षा बरे नाही.

राहिला शिक्षेचा प्रश्न. दोन टेप संशयित ठरल्या म्हणून मिचेलच्या सगळ्या नोंदी गेल्या. त्यात लोकांसमोर झालेला १९९९ चा पॅक-मॅनचा खेळही गेला. हे न्याय्य होते का? आपल्या फिकहमध्ये याच्याशी जवळचा एक मतभेद आहे. एखाद्याने चारित्र्यवान स्त्रीवर खोटा आळ घेतला आणि तो सिद्ध झाला, तर त्याची साक्ष यापुढे घ्यायची का? हनफी मत कडक आहे. त्याने तौबा केली तरी साक्ष घ्यायची नाही, तौबा त्याच्या आणि अल्लाहच्या मधली बाब आहे. इमाम शाफई आणि इतरांच्या मते तौबेनंतर साक्ष पुन्हा ग्राह्य होते. आमच्याकडे बहुसंख्य लोक हनफी आहेत आणि घरात-मोहल्ल्यातही आपण हनफीच असतो. एकदा खोटा ठरला तो कायमचा खोटा. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे पुढची तीन वर्षे सगळे शिक्षक त्याच नजरेने पाहतात, हे मी पाहतो. त्याने पुढे स्वतः सोडवलेले गणितही उचललेले वाटते.

मला वाटते, हा प्रश्न सनदेच्या बाजूने सोडवायला गेले की तो कधी सुटत नाही. माणूस विश्वासू की अविश्वासू याचा एकदाच निकाल लावून त्याची सगळी कृत्ये त्या निकालाखाली टाकायची, हीच तर मूळ चूक होती. विश्वासू म्हणून टेप न तपासता घेतली, आणि अविश्वासू म्हणून न तपासता टाकली. पॅक-मॅनचा खेळ त्या दिवशी तिथल्या लोकांनी पाहिला होता, तो त्यांच्या डोळ्यांवर उभा आहे, मिचेलच्या जबानीवर नाही. तो राहू द्यायला हवा होता. टेप मात्र ज्याच्या जबानीवर उभी होती, ती जबान डळमळली की तिने पडायला हवे.

आज या खेळांचे नियम पुष्कळ कडक झाले आहेत. मोठ्या नोंदीसाठी पडद्याबरोबर खेळाडूचे हातही चित्रफितीत लागतात, मूळ फाइल मागितली जाते, आवाजाच्या लहरीतला सांधासुद्धा शोधला जातो. प्रामाणिक खेळाडूलाही स्वतःवर कॅमेरा लावून बसावे लागते, आणि तो तक्रार न करता बसतो. पूर्वीच्या खोट्यांची ही किंमत आहे आणि ती ज्यांनी खोटे केले नाही ते भरत आहेत.

मिचेलच्या नोंदी रद्द झाल्या तेव्हा, एप्रिल २०१८ मध्ये, डाँकी काँगमध्ये दहा लाखांचा टप्पा प्रथम ओलांडल्याचा मान ट्विन गॅलॅक्सीजने स्टीव्ह वीबीला दिला. गॅरेजमधल्या त्या टेपला तोवर चौदा-पंधरा वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रॉबी लेकमन नावाच्या खेळाडूने या खेळाचा उच्चांक १२ लाख ४७ हजार ७०० वर नेला होता, आणि दहा लाख ही आता कोणी थांबून पाहावे अशी संख्या राहिली नव्हती.